पाय टेकवून मझौलीला

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला, तेव्हा मी नागपूरच्या घरी दाढी करत होतो. मंडळाच्या नव्या अंकात जुन्या अंकांतले निवडक लेख पुन्हा छापायचे ठरले आहे आणि त्यात माझा ‘मोटरसायकलवरून अमरकंटक’ पहिला असेल, असे ते म्हणाले. “काका, लोक अजून आठवण काढून राहिले त्या लेखाची. लेखकाबद्दल फक्त दोन ओळी पाठवा.” मी “पाठवतो” म्हणालो आणि फोन ठेवला. दाढी अर्धीच राहिली.

लेखकाबद्दलच्या खऱ्या दोन ओळी अशा आहेत. लेखकाने ती मोटरसायकल चालवलीच नव्हती. ती रघुनाथ पेटकर याने चालवली, जातानाही आणि येतानाही, आणि लेखक सगळा वेळ मागे बसला होता.

रघू आणि मी जबलपूरच्या फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात, कामाला होतो. तो सहा फूट, मी पाच फूट एक इंच. मोटरसायकल त्याची. तिच्यावर मी बसलो की दोन्ही पाय हवेत लोंबकळत. सायकल स्टँडवर लोक विचारत, “मधू, तुला टाकीवर बसवून नेऊ का?” अमरकंटकहून परतल्यावर मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात ‘मी किक मारली’ असे लिहून गेलो. कागदावर पाय कोण बघतो? एकदा पुढच्या सीटवर बसल्यावर मग मला उतरता येईना. लेख संपेपर्यंत मीच गाडी चालवली, आणि चांगली चालवली.

दुसरे खोटे यापेक्षा वाईट होते. शहपुऱ्याच्या अलीकडे एका नाल्यातून गाडी काढायची होती. पाणी किती आहे ते पाहायला रघू उतरला आणि गाडी क्षणभर माझ्या हाती दिली. माझा पाय पुरला नाही. गाडी कलली, ती सावरायला रघू धावला, आणि तापलेल्या सायलेन्सरने त्याची पोटरी भाजली. लेखात मी असे लिहिले की मागे बसलेल्या रघूला डुलकी लागली, तो एका बाजूला कलला आणि गाडी पडली. मंडळात हशा पिकला. त्या दिवसापासून रघूचे नाव डुलकीराव पडले. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनीसुद्धा हार घालताना त्याला त्याच नावाने हाक मारली.

रघूने लेख वाचला होता. “छान लिहिलंस,” एवढेच म्हणाला होता. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. पुढे तो बायकोच्या गावी, मझौलीला, शेती पाहायला गेला आणि मी मुलाकडे नागपूरला आलो. फोन दिवाळीला एकदा, मग तोही नाही.

आता लेख पुन्हा छापला गेला असता तर तेच खोटे मी दुसऱ्यांदा बोललो असतो, आणि या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचा होऊन. म्हणून ठरवले की आधी रघूला भेटायचे, माफी मागायची आणि मग चिटणिसांना कळवायचे. जबलपूरपासून पुढे जायचे मात्र स्वतः मोटरसायकल चालवत. हे का ठरवले ते नीट सांगता येणार नाही. कबुली द्यायला जाताना तरी मागच्या सीटवर बसून जाऊ नये, एवढेच वाटले.

तिलवारा

नागपूरची बस जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याच्या पुलावर आली की आतले लोक खिडक्यांकडे सरकतात. खाली नर्मदा असते. कोणी हात जोडतो, कोणी नाणे टाकतो. आमच्या नागपुरात नाग नदीवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात, त्यामुळे मला या पुलावर दर वेळी थोडे ओशाळल्यासारखे होते. शेजारच्या बाई लखनादौनपासून झोपल्या होत्या, त्या बरोबर पुलावर जाग्या झाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मैया से कुछ कहना हो तो अभी कह लो भैया, पुल छोटा है.”

मी मनात म्हणालो, मैया, रघू घरी असू दे. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वाटू लागले, नसला तरी चालेल.

दीक्षितपुरा

माझी भाची वर्षा दीक्षितपुऱ्यात राहते. शाळेत शिकवते, त्यामुळे समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी त्याला बाकावर बसवल्यासारखे बोलते. माझी बहीण आणि मेहुणे दोघेही आता नाहीत. मेहुण्यांची मोटरसायकल मात्र अंगणात प्लास्टिक पांघरून उभी आहे. वर्षा महिन्यातून एकदा तिला सुरू करते. गाडी रघूच्या गाडीच्याच जातीची, तितकीच उंच.

सकाळी पोहे आले. नागपूरच्या माणसाला पोह्यांवर तर्री लागते. इथे पोह्यांवर शेव आणि शेजारी गरम जलेबी. माझे सगळे आयुष्य याच नाश्त्यावर गेले, तरी मी तोंडातून “तर्री नाही का?” असे बोलून गेलो.

“झाले मामा नागपूरचे,” वर्षा म्हणाली. “दहा वर्षांत जीभ बदलून आणली.”

मग मी माझा बेत सांगितला.

“मामा, काय करून राहिले तुम्ही? वय काय तुमचं?”

“चौऱ्याहत्तर.”

“अच्छा, म्हणजे माहीत आहे.” तिने चहा पुढे सरकवला. “अन् काहून पण? सिहोऱ्यापर्यंत बस आहे, पुढे ऑटो आहे. मोटरसायकल काहून?”

तेव्हा मी तिला सगळे सांगितले. इतक्या वर्षांत ते कोणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. वर्षाने सगळे ऐकून घेतले आणि माझ्या बशीत आणखी एक जलेबी ठेवली.

“मी शाळेत सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं, माझा मामा मोटरसायकलने अमरकंटकला गेला म्हणून.”

“गेलोच होतो ना.”

“मामा!”

मी जलेबी खाल्ली. वर्षाने गाडीवरचे प्लास्टिक काढले आणि मला वर बसायला सांगितले. नागपुरात मी अजून स्कूटर चालवतो, त्यामुळे थोडी ऐट होती. ती बसल्याबरोबर गेली. दोन्ही पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागत होते, तेही बुटातून. वर्षाने हँडल धरून ठेवले होते म्हणून मी उभा होतो.

“चलो,” ती म्हणाली. “आता तुमचे पाय तर वाढणार नाहीत. गाडीच खाली करू. हल्के भैयाकडे.”

हल्के उस्तादांचे दुकान

दोन गल्ल्या सोडून हल्के उस्तादांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडे आणि फुटपाथचा बराचसा भाग. उस्तादांनी पायापासून डोक्यापर्यंत मला पाहिले आणि मग गाडीला पाहिले.

“बाबूजी, गाड़ी उतारनी है कि आपको उठाना है?”

“जे स्वस्त पडेल ते,” वर्षाच बोलली.

उस्तादांनी मला गाडीवर बसवले आणि स्वतः उकिडवे बसून माझ्या टाचेखाली वीत धरली. कपडे शिवणाऱ्याने माप घ्यावे तसे त्यांनी ते माप बोटांवर धरून ठेवले आणि हवेतच दोन भागांत वाटून पाहिले. मग निकाल दिला. थोडे सीटमधून जाईल, बाकीचे शॉकरमधून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन शॉकर असतात. गाडीचे मागचे अंग त्यांच्यावर उभे असते. शॉकर आखूड बसवला की सीट खाली येते. ऐकायला इतके सोपे आहे की हे मला फॅक्टरीत असताना का सुचले नाही, याचा विचार करत मी बाकड्यावर बसलो. उत्तर मला ठाऊक होते. तेव्हा गाडी खाली करायला नेली असती तर सगळ्या शॉपला माझी उंची फुटपट्टीने कळली असती. त्यापेक्षा लेख लिहिणे सोपे होते.

उस्तादांनी सीटचे कव्हर सोलले आणि आतला फोम हेक्सा ब्लेडने असा तासला की जणू पाव कापत आहेत. मग जुने शॉकर काढले आणि एका लहान गाडीचे शॉकर शेजारी ठेवून दाखवले. दीड इंचाने आखूड. नटबोल्ट आवळता आवळता त्यांचे बोलणे चालू होते. मागून खाली केली तर पुढूनही थोडी खाली करावी लागते, नाहीतर गाडी आभाळाकडे पाहत चालते. म्हणून पुढच्या चाकाचे पाइपही पकडीतून थोडे वर सरकवले. साखळीचा ताण पाहिला. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून साइड स्टँड कापून आखूड करून आणला.

“वो क्यों?” मी विचारले.

“बाबूजी, आप छोटे हो जाओ और लाठी वही पुरानी लंबी रखो, तो गिरोगे कि नहीं?”

“मी लहान झालो नाही, गाडी झाली,” मी म्हणालो.

“हओ, वही बात,” उस्ताद म्हणाले.

मी बसून पाहिले. डाव्या पायाची टाच टेकली. पूर्ण टेकली. आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसून मी जमिनीवर उभा होतो. इथेच थांबायला हवे होते. पण मी उजवा पाय टेकवून पाहिला आणि त्याची टाच बोटभर वर राहिली.

“दोन्ही टेकायला पाहिजेत,” मी म्हणालो.

“एक एड़ी बहुत है बाबूजी. दोनों एड़ी तो खटिया पे बैठ के टिकती हैं.”

वर्षा खो खो हसली. मला राग आला आणि मी हट्टाला पेटलो. उस्तादांनी सुस्कारा सोडून शॉकरच्या स्प्रिंगखालची चकती पूर्ण ढिली केली. त्यामुळे माझ्या वजनाने गाडी आणखी थोडी दबली आणि दुसरी टाचही टेकली. उस्तादांनी बजावले की आता स्टँड आणखी बोटभर कापावा लागेल, आणि वेल्डिंगवाला भावाच्या लग्नाला निघाला आहे, परवा येईल. तोवर गाडी नेऊ नका. मागे तर कोणालाच बसवू नका, टायर मडगार्डला घासेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन निघालो. आणखी एक दिवस थांबलो असतो तर माझा धीर सुटला असता. वर्षाने हेल्मेट माझ्या डोक्यावर इतके घट्ट बांधले की तिचे शेवटचे वाक्य मला ऐकू आले नाही. बहुतेक ते बरेच झाले.

सिहोऱ्याचा रस्ता

जबलपूरहून पनागर, तिथून सिहोरा आणि सिहोऱ्याहून डावीकडे मझौली. डिसेंबरात या भागात मटार निघतो. पनागरच्या पुढे दोन्ही बाजूंना हिरवी शेते होती आणि रस्त्यावर मटारची पोती भरलेल्या गाड्या. त्यांच्यातून अधूनमधून शेंगा सांडत होत्या आणि शेळ्या रस्त्याच्या कडेने त्यांच्या मागोमाग चालल्या होत्या. मी चाळिशीच्या वर वेग जाऊ दिला नाही. मोपेडवरून गॅसचे सिलिंडर घेऊन चाललेल्या एका बाईने मला मागे टाकले आणि वळून पाहिले. मी मान ताठ ठेवली.

खरे सांगायचे तर मला फार बरे वाटत होते. आणि लेखात मी जे लिहिले होते की ‘वारा कानात गातो’, ते खोटे निघाले. वारा कानात गात नाही. हेल्मेटमध्ये तो कुकरसारखा शिट्टी मारतो. मागच्या सीटवर रघूची पाठ वारा अडवत होती, त्यामुळे मला ते कळले नव्हते.

गोसलपूरच्या पुढे चहासाठी थांबलो. गाडी साइड स्टँडवर लावली. ती जरा जास्तच सरळ उभी राहिली, पण मी तिकडे दुर्लक्ष केले. चहाचा पहिला घोट घेतो तोच एक ट्रक जवळून गेला आणि त्याच्या वाऱ्याने गाडी सावकाश दुसऱ्या बाजूला आडवी झाली.

“दादा, तुम्हारी गाड़ी सो गई,” चहावाल्या बाईंनी कढई ढवळत कळवले.

दोघा-तिघांनी गाडी उचलून दिली. आरसा फुटला होता आणि माझा थोडा अभिमानही. बाईंनी स्टँड पाहिला, गाडी पाहिली, मला पाहिले आणि खुरपे घेऊन आल्या. जिथे स्टँड टेकणार होता तिथे त्यांनी वाटीएवढा खड्डा केला. स्टँडचा पाय खड्ड्यात गेला, गाडी छान कलली आणि स्थिर झाली. हल्के उस्ताद स्टँड कापून जे करणार होते ते बाईंनी जमिनीत करून दाखवले.

“पण पुढे काय करू?” मी विचारले.

“गड्ढा देख के रुकना. इस रोड पे गड्ढों की कमी है क्या?”

त्यांनी मला गरम मंगोडे दिले, मुगाच्या डाळीचे, हिरव्या मिरचीसोबत. मी वर्षाला फोन करून सर्व ठीक आहे असे सांगितले. आरशाबद्दल काही बोललो नाही. मग लक्षात आले की मी एक लेख दुरुस्त करायला निघालो आहे आणि वाटेतच दुसरा सुरू केला आहे. पुन्हा फोन लावला.

“आरसा फुटला.”

“अन् तुम्ही?”

“मी नाही.”

“ठीक आहे मामा. आरसा मिळून जाते.”

मझौली

मझौलीत शिरताना एक उंच गतिरोधक आहे. खाली केलेल्या गाडीचे पोट त्यावर असे खरवडले की चौकातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनाच रघूचे घर विचारले. गावाबाहेर, वराहाच्या जुन्या देवळाच्या पुढे, शेताला लागून पांढरे घर. अंगणात मटारच्या शेंगांचा ढीग होता. त्याच्या एका बाजूला खुर्चीवर रघू बसला होता आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको, सरोजभाभी. दोघे शेंगा सोलत होते.

मी मनात पहिले वाक्य तयार करून आणले होते. पण गाडी लावायची कुठे? अंगण सारवलेले, सपाट. मी गाडीवर बसूनच इकडे तिकडे पाहत पुढे गेलो, वळलो, परत आलो.

“काय शोधून राहिला बे?” रघूने बसल्या जागेवरून विचारले.

“खड्डा.”

“अबे, इतक्या वर्षांनी आला अन् खड्डा शोधून राहिला?”

सरोजभाभींनी शेवटी गाडी पाण्याच्या हौदाला टेकवून दिली. रघू उठला तेव्हा दिसले की त्याची उंची आता कमरेपासून पुढे झुकली आहे आणि त्याच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. त्याने मला मिठी मारली नाही, सरळ गाडीकडे गेला. हातांनी शॉकर चाचपले, सीट दाबली, स्टँड पाहिला.

“तू चालवत आला? खरंच?”

“खरंच.”

“दोन इंच खाली केली असंल. दोन इंचासाठी चाळीस वर्षं लागली?” तो म्हणाला आणि त्याने गाडीवर बसून पाहिले. त्याचे गुडघे कोपरांपर्यंत वर आले. सरोजभाभी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “उतरो जी, मेंढक लग रहे हो.”

मग मी शेंगांच्या ढिगाशी बसलो आणि बोललो. तयार केलेले वाक्य आठवले नाही, म्हणून जसे आले तसे सांगितले. गाडी तू चालवलीस. नाल्यावर गाडी मी पाडली. डुलकी कोणाला लागली नव्हती. तुझी पोटरी भाजली ती माझ्यामुळे, आणि पुढे आयुष्यभर तू डुलकीराव झालास तोही माझ्यामुळे. आता लेख पुन्हा छापणार आहेत, मी तो छापू देणार नाही. मला माफ कर.

रघू शेंगा सोलत राहिला. सरोजभाभींना मराठी वाचता येत नाही, त्यांना लेखाची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी विचारले, “तो चला कौन रहा था?”

“यही,” मी म्हणालो.

“और लिखा क्या था?”

“कि मैं.”

त्यांनी एकदा हौदाला टेकवलेल्या गाडीकडे आणि एकदा माझ्या पायांकडे पाहिले. त्यांच्या शेंगा सोलण्याचा वेग वाढला.

“मधू,” रघू म्हणाला, “डुलकीरावचा मला फायदाच झाला बे. शॉपच्या मीटिंगमध्ये डोळे मिटून बसायचो, कोणी काही म्हणत नव्हतं. साहेब म्हणायचे, जाने दो, इसकी तो आदत है. अन् गाडी कोणी चालवली ते तर सगळ्यांना माहीत होतं.”

“सगळ्यांना?”

“अबे, सगळ्यांनी तुझे पाय पाहिले होते ना.”

इतकी वर्षे सांभाळलेले माझे ओझे कोणी हातातून घेऊन बाजूला ठेवून द्यावे, आणि त्यात फारसे काही नव्हतेच असे म्हणावे, तसे झाले. मला हलके वाटायला हवे होते. उलट थोडा अपमानच वाटला.

रघूने आणखी दोन-चार शेंगा सोलल्या. मग ढिगाकडे पाहत म्हणाला, “एक गोष्ट होती पण. जाऊ दे.”

“सांग.”

“जाऊ दे बे.”

“रघू, मी गाडी चालवत आलो आहे.”

तेव्हा तो बोलला. आम्ही अमरकंटकला निघालो त्या दिवशी त्याच्या आईने, इंदूबाईंनी, भल्या पहाटे उठून आमच्यासाठी दशम्या केल्या होत्या. दुधात मळलेल्या कणकेच्या, आणि सोबत लसणाची चटणी. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून तिने ती पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली होती, कारण रघू गाडी चालवणार होता. मला हे सगळे रघूने सांगितल्यावर आठवले. त्या मिनिटापर्यंत ते माझ्या डोक्यातून पूर्ण पुसले गेले होते.

“आईला वाचता येत नव्हतं,” रघू म्हणाला. “अंक घरी आला तर म्हणाली, वाचून दाखव. मी वाचून राहिलो. तू किक मारली म्हटल्यावर हसली. म्हणे, त्याचे पाय कुठं पुरतात? पण ऐकत होती. मग जेवणाचं आलं. तू लिहिलं होतं, कुंडमच्या ढाब्यावर गरम रोटी अन् अंडा भुर्जी.”

मी तसेच लिहिले होते. का, तेही आठवले. मोटरसायकल चालवणारा माणूस ढाब्यावर जेवतो. मांडीवर दशम्यांची पुरचुंडी घेऊन बसतो तो मागच्या सीटवरचा. पहिले खोटे उभे राहावे म्हणून मी इंदूबाईंच्या दशम्या लेखातून काढून टाकल्या होत्या.

“मी तिथं थांबलो,” रघू सांगत होता. “आई माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. त्या लेखात तिचं तेवढंच तर येणार होतं. तर मी माझ्या मनानं एक वाक्य वाचलं, दशम्यांचं.”

“मग?”

“तिला आवडलं. म्हणाली, तेवढं पुन्हा वाच. आता मनानं बोललेलं शब्दाला शब्द कुठून आठवते? दुसऱ्यांदा थोडं इकडचं तिकडं झालं. ती म्हणाली, आधी वेगळं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. अंकाच्या त्या पानाकडं पाहिलं तिनं. म्हणाली, बरं, पुढचं वाच.”

सरोजभाभी हातातली शेंग तशीच धरून बसल्या होत्या. त्यांना मराठी समजते. मी माफी मागायला तोंड उघडले, पण ज्यांची मागायची त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. रघूला दुसऱ्यांदा “मला माफ कर” म्हणणे फार स्वस्त झाले असते. म्हणून मी खिशातली वही काढली.

“ते वाक्य सांग.”

“कोणतं? पहिल्यांदाचं का दुसऱ्यांदाचं?”

“पहिल्यांदाचं.”

रघू बराच वेळ आठवत राहिला. एकदा सुरुवात केली आणि “नाही, असं नव्हतं” म्हणून थांबला. झाड कोणते होते त्यावर आमचा थोडा वाद झाला. शेवटी त्याने सांगितले, मी लिहून घेतले आणि त्याला वाचून दाखवले. त्याने पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. तो म्हणाला, “हां. हेच.”

जेवण करून, मटारची एक पिशवी घेऊन, दुपारीच मी निघालो. रघूने फाटकाशी गाडीचे हँडल धरून ठेवले होते. मी दोन्ही पाय टेकवून दाखवले तरी त्याने ते किक बसेपर्यंत सोडले नाही.

आता चिटणिसांना विनंती. माझा जुना लेख छापू नये, त्याच्या जागी हा छापावा. जुने अंक ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यातला कुंडमच्या ढाब्याचा परिच्छेद खोडावा आणि तिथे खालचे वाक्य लिहावे. ते आता छापलेले आहे. कोणीही, कोणालाही, कितीही वेळा वाचून दाखवले तरी त्यातला शब्द बदलणार नाही.

‘कुंडमच्या पुढे मोहाच्या झाडाखाली बसून आम्ही रघूच्या आईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या, आणि त्या इतक्या चांगल्या होत्या की अमरकंटक येईपर्यंत आम्हाला दुसरे काही खावेसे वाटले नाही.’